सर्व्हलेट आणि दूरस्थ मेथड-कॉल: एका जुन्या प्रश्नाचा आढावा

सर्व्हरवर चालणारा जो जावा-घटक ब्राउझरकडून आलेली मागणी स्वीकारतो आणि तिचे उत्तर पानाच्या रूपात परत पाठवतो, त्याला सर्व्हलेट म्हणतात. तो एकटा चालत नाही. टॉमकॅट किंवा जेटी यांसारख्या कंटेनरच्या, म्हणजे त्याला उभे करणाऱ्या, त्याच्यापर्यंत मागण्या पोहोचवणाऱ्या आणि शेवटी त्याला बंद करणाऱ्या आज्ञावलीच्या आश्रयाने तो राहतो, आणि त्याचे व्यवहार मुख्यतः एचटीटीपी या वेबच्या संदेश-नियमावलीतून होतात. या घटकाने ब्राउझरला उत्तरे देता देताच दुसऱ्या यंत्रावरील प्रोग्रामलाही आपली मेथड, म्हणजे ठरलेल्या नावाची, ठरलेली माहिती घेणारी आणि ठरलेल्या प्रकारचे उत्तर देणारी आपल्यातील एखादी कृती, दुरून चालवू द्यावी, अशी सोय करता येते का आणि ती कोणत्या मार्गाने करावी, हा प्रश्न जावाच्या पहिल्या दशकात वारंवार चर्चिला गेला. पुढे तंत्रे बदलली, नावे बदलली, परंतु प्रश्न मिटला नाही, कारण तो मुळात जावापुरता कधीच नव्हता.

ही गरज का निर्माण होते, हे आधी पाहिले पाहिजे. कंटेनर सामान्यतः सर्व्हलेटची एकच प्रत तयार करतो आणि येणारी प्रत्येक मागणी त्याच प्रतीकडे स्वतंत्र थ्रेडमधून, म्हणजे समांतर चालणाऱ्या अंमलबजावणीच्या धाग्यातून, सोपवतो. त्यामुळे शिल्लक साठा, चालू सत्रे किंवा नुकतेच झालेले बदल अशी जिवंत माहिती सर्व्हलेटच्या स्मृतीत साठत जाते. तीच माहिती दुसऱ्या कार्यालयातील एखाद्या प्रोग्रामला हवी असेल, तर त्याने माणसासाठी सजवलेले पान मागवून त्यातील मजकुरातून आकडा उकरून काढायचा, हा उपाय अत्यंत तकलादू असतो, कारण पानाची मांडणी बदलली की वाचणारा प्रोग्राम चुकतो आणि पुष्कळदा आपण चुकलो हेही त्याला कळत नाही. प्रोग्रामने प्रोग्रामशी ठरलेल्या करारानुसार बोलावे, ही अपेक्षा तिथून सुरू होते.

या विषयावरील बरेचसे लेखन एक गोष्ट गृहीत धरून चालते, ती म्हणजे बोलणारी दोन्ही यंत्रे एकाच संस्थेच्या जलद जाळ्यावर आहेत. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा या पूर्णा खोऱ्यातील गावाकडून पाहिले, तर हे गृहीतक टिकत नाही. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र, शेतकऱ्याच्या मोबाइलवरील ई-पीक पाहणीचे उपयोजन, खरेदीखतानंतर सातबाऱ्यावर चढणारा फेरफार आणि बँक मित्राच्या हातातील मायक्रो एटीएम, या साऱ्यांमागे एकच क्रिया आहे: गावात सुरू झालेल्या व्यवहारासाठी दूरच्या सर्व्हरवरील एखाद्या घटकाला हाक जाते, तो आपली एक ठरलेली कृती पार पाडतो आणि उत्तर परत पाठवतो. या प्रणाली आतून कोणत्या भाषेत लिहिलेल्या आहेत हा येथे गौण मुद्दा आहे. हाक गेली आणि उत्तर आले नाही, तर काय समजायचे, हा मुख्य मुद्दा आहे, आणि सर्व्हलेटला दूरस्थ कॉल स्वीकारायला लावण्याच्या प्रत्येक मार्गाची पारख त्याच कसोटीवर केली पाहिजे.

दूरच्या यंत्रावरील कृती स्वतःच्याच प्रोग्राममधील असल्यासारखी चालवावी, ही कल्पना वेबपेक्षा जुनी आहे, आणि तिला रिमोट प्रोसीजर कॉल, संक्षेपाने आरपीसी, म्हणतात. १९७६ मध्ये जेम्स व्हाइट यांनी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या आरएफसी ७०७ या टिपणात तिची मांडणी केली. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्रबंधात तिला पद्धतशीर रूप दिले. आणि १९८४ मध्ये अँड्र्यू बिरेल यांच्यासह त्यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात केलेल्या प्रत्यक्ष उभारणीवर जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. त्यांच्या रचनेत मागणी करणाऱ्याच्या बाजूला स्टब नावाचा एक प्रतिनिधी असतो. तो बाहेरून मूळ मेथडसारखाच दिसतो, पण प्रत्यक्षात दिलेली माहिती बाइटांच्या ओळीत बांधून जाळ्यावर पाठवतो, आणि पलीकडचा त्याचा जोडीदार ती उलगडून खरी मेथड चालवतो. बिरेल आणि नेल्सन यांनी आपल्या यंत्रणेचे वचन काटेकोर शब्दांत मांडले होते: उत्तर परत आले, तर कृती नेमकी एकदा झाली आहे, उत्तराऐवजी अपवाद, म्हणजे बिघाडाची सूचना, आली, तर कृती एकदा झाली असेल किंवा मुळीच झाली नसेल, आणि यांपैकी काय घडले हे मागणाऱ्याला सांगितले जाणार नाही. या वचनातील दुसरा अर्धा भाग पुढच्या कितीतरी मांडण्यांत विस्मरणात गेला, आणि या विषयातील बहुतेक व्यावहारिक दुखणी त्या विस्मरणातून आली आहेत.

सन मायक्रोसिस्टिम्सची आरपीसी आणि १९९१ पासूनची कॉर्बा ही वस्तू-आधारित प्रणाली, हे मधले टप्पे येथे केवळ नोंदवून पुढे जाता येते. जावाच्या जगात हा विचार फेब्रुवारी १९९७ मध्ये जेडीके १.१ या जावाच्या विकास-संचासोबत आला, आणि त्याला रिमोट मेथड इन्व्होकेशन, संक्षेपाने आरएमआय, असे नाव मिळाले. त्यात दुरून चालवता येणाऱ्या मेथडींची यादी एका इंटरफेसमध्ये, म्हणजे कृतींची नावे आणि स्वरूप सांगणाऱ्या पण त्यांची अंमलबजावणी न देणाऱ्या घोषणापत्रात, लिहिली जाते. तो इंटरफेस ‘रिमोट’ या मूळ इंटरफेसचा वारस असावा लागतो, आणि त्यातील प्रत्येक मेथडने ‘रिमोटएक्सेप्शन’ उद्भवू शकते असे जाहीर करावे लागते. सामान्य वस्तू या मार्गाने प्रतीच्या रूपात पलीकडे जातात, तर दूरस्थ वस्तूंचा केवळ स्टब जातो, हा भेद समजून न घेता लिहिलेल्या प्रोग्राममध्ये पलीकडे बदललेली किंमत अलीकडे दिसतच नाही, आणि नवशिके त्याला यंत्रणेतील दोष समजतात.

सर्व्हलेटला आरएमआयचा सर्व्हर बनवताना पहिली अडचण वारशाची येते. जावामध्ये वर्गाला, म्हणजे वस्तू ज्यावरून घडतात त्या आराखड्याला, एकच पूर्वज-वर्ग असू शकतो. वेबसाठी लिहिलेला सर्व्हलेट सहसा ‘एचटीटीपीसर्व्हलेट’ या वर्गाचा वारस असतो, तर दूरस्थ वस्तूचा नेहमीचा पूर्वज ‘युनिकास्टरिमोटऑब्जेक्ट’ हा असतो, आणि दोन्हींचा वारस एकाच वेळी होता येत नाही. ‘सर्व्हलेट’ हा मुळात इंटरफेस असल्यामुळे तो स्वतः राबवून दुसऱ्या वर्गाचा वारसा घेणे शक्य आहे, पण मग एचटीटीपीच्या मागण्या ओळखून वाटून देण्याचे जे काम तयार मिळते, ते सगळे हाताने लिहावे लागते. खरी वाट वेगळी आणि साधी आहे: दूरस्थ होण्यासाठी वारसा अनिवार्य नसून ‘युनिकास्टरिमोटऑब्जेक्ट’ची ‘एक्सपोर्टऑब्जेक्ट’ ही स्थिर मेथड कोणत्याही योग्य वस्तूला निर्यात करते, म्हणजे तिच्यासाठी पोर्ट, अर्थात यंत्रावरील क्रमांकित जोडबिंदू, उघडून येणाऱ्या कॉलची वाट पाहू लागते. सर्व्हलेटने आपला दूरस्थ इंटरफेस राबवावा, कंटेनरने त्याला उभे करताना बोलावल्या जाणाऱ्या ‘इनिट’ मेथडमध्ये स्वतःची निर्यात करावी, आरएमआयच्या नोंदवहीत, म्हणजे नावावरून स्टब शोधून देणाऱ्या आणि सहसा १०९९ क्रमांकाच्या पोर्टवर चालणाऱ्या सेवेत, आपले नाव लावावे, आणि बंद होताना ‘डिस्ट्रॉय’ मेथडमध्ये नाव काढून निर्यातही मागे घ्यावी, असा हा क्रम आहे. जेसन हंटर यांनी १९९८ मध्ये ओरायली प्रकाशनाच्या ‘जावा सर्व्हलेट प्रोग्रामिंग’ या ग्रंथात हाच क्रम ‘रिमोटएचटीटीपीसर्व्हलेट’ नावाच्या आधार-वर्गात बांधून दिला, आणि त्यानंतरच्या अनेक उत्तरांचे मूळ तिथे सापडते.

हा क्रम कागदावर पाच ओळींचा वाटतो. चालत्या सर्व्हरवर त्याची पुष्कळ पथ्ये पाळावी लागतात. कंटेनर बहुधा पहिली वेब-मागणी येईपर्यंत सर्व्हलेट उभाच करत नाही, म्हणून मांडणी-फाइलमध्ये आरंभीच उभे करण्याची सूचना दिली नाही, तर कोणी ब्राउझर उघडेपर्यंत दूरस्थ कॉल करणाऱ्याला नोंदवहीत ते नावच सापडत नाही. सर्व्हलेटच्या मेथडी आधीच अनेक थ्रेड एकदम चालवत असतात. त्यात आरएमआयचे थ्रेड मिसळतात आणि तेही वेगळ्या थ्रेडमध्येच येतील याची हमी तपशील-पत्रकात नसते, त्यामुळे सामायिक माहितीला कुलूपबंदी दोन्ही बाजूंचा विचार करून द्यावी लागते. दूरस्थ कॉलमध्ये वेबचे सत्र नसते, प्रवेशाची तपासणी करणारे फिल्टर, म्हणजे मागणी पोहोचण्याआधी तिची छाननी करणारे घटक, त्या मार्गावर नसतात, आणि कंटेनरने मोठ्या कष्टाने उभारलेली सगळी सुरक्षा तिथे मुकाट्याने बाजूला पडते. सर्वांत फसवी अडचण पुनर्स्थापनेची आहे: नवी आवृत्ती चढवताना कंटेनर जुना सर्व्हलेट टाकून देतो, परंतु निर्यात मागे घेतलेली नसेल, तर आरएमआयची यंत्रणा त्याला धरून ठेवते, त्याच्यासोबत त्याचे सगळे वर्ग स्मृतीत अडकून राहतात, आणि दूरचा ग्राहक नकळत जुन्याच प्रतीशी बोलत राहतो. जाळ्यावरची अडचण याहून निराळी आहे. नोंदवहीचा पोर्ट ठाऊक असला, तरी निर्यात झालेल्या वस्तूचा पोर्ट स्पष्टपणे नेमून दिला नसेल, तर तो यंत्रणा स्वतः निवडते, आणि स्टबमध्ये सर्व्हरचा अंतर्गत पत्ता लिहिला गेला असेल, तर बाहेरच्या ग्राहकाची हाक कुठेच पोहोचत नाही.

या सर्व कारणांमुळे, सर्व्हलेटनेच दूरस्थ वस्तू व्हावे या मांडणीपेक्षा दूरस्थ वस्तू स्वतंत्र ठेवून सर्व्हलेट आणि दूरचा ग्राहक या दोघांनी तिच्याकडे यावे, ही मांडणी अधिक निकोप ठरते. सामायिक माहिती सांभाळणारा वर्ग वेगळा लिहिला, तो कंटेनरच्या संदर्भात, म्हणजे एका उपयोजनातील सर्व घटकांना दिसणाऱ्या सामायिक जागेत, ठेवला, आणि त्याचे आयुष्य उपयोजनाच्या आरंभ-अंतावर लक्ष ठेवणाऱ्या श्रोता-घटकाकडे दिले, तर एचटीटीपी आणि आरएमआय या त्या एकाच मजकुराच्या दोन वाटा उरतात. पुढे एक वाट बंद करायची वेळ आली, तर दुसरीला धक्का लागत नाही, आणि तशी वेळ आली, हे इतिहासाने दाखवले.

दुसऱ्या प्रकारचे उत्तर या खटाटोपालाच वळसा घालते. सर्व्हलेट जर एचटीटीपी ऐकतोच आहे, तर मेथड-कॉलही त्याच संदेशात घालून का पाठवू नये, असा तो विचार होता. त्याला बळ मिळाले ते फायरवॉलमुळे, कारण संस्थांच्या सीमेवरची ही चाळणी बहुतेक पोर्ट बंद ठेवते, पण वेबचा पोर्ट उघडा ठेवते. सनने स्वतः आरएमआयचे कॉल एचटीटीपीत गुंडाळून सर्व्हलेटमार्फत आत नेण्याची तडजोड दिली होती. ती संथ होती, तिने सुरक्षेचे प्रश्न वाढवले, आणि जावा ९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. १९९८ मध्ये डेव्ह वाइनर यांच्या पुढाकाराने आलेली, एक्सएमएल या खुणांकित मजकूर-स्वरूपावर बेतलेली एक्सएमएल-आरपीसी आणि तिच्यातूनच वाढलेला सोप हा संदेश-आराखडा, ज्याची १.१ आवृत्ती २००० मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे टिपण म्हणून सादर झाली, यांनी मेथडचे नाव आणि तिला द्यायची माहिती वाचता येण्याजोग्या मजकुरात लिहिण्याची रीत पाडली. त्यामुळे पलीकडचा प्रोग्राम जावाचाच असावा ही अट संपली, मात्र सोपभोवती वाढलेल्या पूरक तपशील-पत्रकांच्या भाराने साध्या कामालाही मोठी यंत्रसामग्री लागू लागली. २००० मध्येच रॉय फिल्डिंग यांनी आपल्या प्रबंधात रेस्ट या शैलीचे वर्णन केले. त्यात दूरच्या मेथडला हाक मारण्याऐवजी पत्ता असलेल्या संसाधनावर मोजक्या, सर्वांना ठाऊक असलेल्या क्रिया करायच्या असतात, आणि कोणती क्रिया पुन्हा केली तरी चालते, हे एचटीटीपीच्या नियमांतच ठरलेले असल्याने हाक तुटली तर पुढे काय, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर हाताशी राहते.

सर्व्हलेटने दूरस्थ मेथड-कॉल स्वीकारावा या मूळ इच्छेची सर्वांत सरळ पूर्तता मात्र २००६ मध्ये आलेल्या गूगल वेब टूलकिटने केली. तिच्यातील ‘रिमोटसर्व्हिससर्व्हलेट’ या वर्गाचा वारस होऊन सेवेचा इंटरफेस राबवला, की ब्राउझरमधील ग्राहक थेट त्या मेथडी चालवू शकत असे. या रचनेची एक बाब विशेष मोलाची आहे. ग्राहकाच्या बाजूचा इंटरफेस वेगळा, असमकालिक असे, म्हणजे कॉल करणारा उत्तरासाठी थांबून राहत नसे. त्याऐवजी यश आले तर काय करायचे आणि अपयश आले तर काय करायचे, अशा दोन शाखा लिहूनच त्याला कॉल करता येत असे. अपयशाची शाखा रिकामी ठेवता येते हे खरे, पण ती आहे हे विसरता येत नाही, आणि एखाद्या साधनाने प्रोग्रामरला इतके प्रामाणिक राहायला लावणे ही लहान गोष्ट नव्हे.

हा प्रामाणिकपणा का आवश्यक आहे, याचे विवेचन सनच्याच प्रयोगशाळेतील जिम वाल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वोलरॅथ आणि सॅम केंडल यांनी १९९४ मध्ये ‘अ नोट ऑन डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग’ या टिपणात केले. त्यांचे म्हणणे असे, की स्थानिक आणि दूरस्थ कॉल यांतील भेद चांगल्या साधनांनी पुसून टाकता येण्याजोगा नाही. विलंब, स्मृतीपर्यंतची पोहोच, समांतरता आणि आंशिक बिघाड या चार बाबतींत ती दोन वेगळ्या जातीची कामे आहेत. आंशिक बिघाड म्हणजे व्यवहारातील एक यंत्र चालू असताना दुसरे किंवा त्यांच्यामधला दुवा निकामी होणे, आणि कोणते निकामी झाले हे चालू यंत्राला निश्चितपणे न कळणे. याच चौघांपैकी वोलरॅथ आणि वाल्डो पुढे आरएमआयच्या घडणीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रत्येक दूरस्थ मेथडवर ‘रिमोटएक्सेप्शन’ची सक्ती कशी आली, याचा उलगडा होतो. विद्यार्थी ज्याला निरर्थक औपचारिकता मानून रिकाम्या ‘कॅच’ खंडात, म्हणजे अपवाद हाताळण्यासाठीच्या भागात, गाडून टाकतात, ते खरे तर त्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक घातलेले कलम होते.

आता हेच कलम महाराष्ट्रातल्या व्यवहारात कसे दिसते ते पाहता येईल. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, आणि त्यावर उभी राहिलेली प्रमाणीकरण-सेवा हे वेबवरील दूरस्थ कॉलचे ठळक उदाहरण आहे: मागणी एक्सएमएलमध्ये बांधलेली आणि सांकेतिक केलेली असते, ती सुरक्षित एचटीटीपीवरून जाते, सेवा प्रत्येक मागणी स्वतंत्र मानते, आणि मूळ उत्तर होय किंवा नाही एवढेच असते. त्यासोबत मागणीचा व्यवहार-क्रमांक परत येतो आणि नकाराचे कारण सांगणारा संकेतांक येतो. रेशन दुकानातील यंत्रावर कार्डधारकाने बोट ठेवल्यावर जे घडते, त्याच्या तळाशी हा कॉल असतो. ओळख पटवणे ही कृती पुन्हा केली तरी नुकसान होत नाही, त्यामुळे ‘अंगठा लागत नाही’ किंवा ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून ती दहा वेळा केली, तरी तांत्रिकदृष्ट्या बिघडत नाही. धान्य दिल्याची नोंद ही मात्र वेगळ्या स्वभावाची कृती आहे. ती दोनदा झाली, तर कार्डधारकाचा हक्क कागदोपत्री संपतो. ती झालीच नाही, तर दुकानातील साठा आणि नोंद जुळत नाहीत. एकाच यंत्रावर, एकाच व्यवहारात येणाऱ्या या दोन कॉलना एकच नियम लावणारी रचना सदोष असते, आणि तिचा भुर्दंड रचनाकाराला नव्हे, तर मजुरी बुडवून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला बसतो.

या दुसऱ्या स्वभावाच्या कृतींसाठी संगणकशास्त्राने दिलेला उपाय असा आहे, की मागणाऱ्याने प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक द्यावा, सर्व्हरने तो उत्तरासह जपून ठेवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर कृती न करता आधीचेच उत्तर परत द्यावे. अशा कृतीला पुनरावृत्ती-निर्धोक म्हणता येईल. मराठी मुलखाच्या महसूल व्यवस्थेला ही शिस्त परकी नाही. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हिच्यात प्रत्येक बदलाला स्वतंत्र क्रमांक असतो, सातबाऱ्यावरील बदल त्या क्रमांकाच्या आधारे होतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतींसाठी मुदत ठेवल्यानंतर नोंद प्रमाणित केली जाते. केदारखेड्यातील जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आय-सरिता प्रणालीत नोंदले गेल्यावर त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीकडे जाते आणि गावपातळीवर फेरफाराची कार्यवाही सुरू होते. म्हणजे एका खात्याची प्रणाली दुसऱ्या खात्याच्या प्रणालीकडून काम करून घेते. हे काम उत्तर येईपर्यंत रोखून धरलेल्या कॉलने होण्यासारखे नाही, कारण त्याचे अंतिम उत्तर माणसाच्या निर्णयावर अवलंबून असते आणि काही आठवड्यांनी येते. अशा वेळी दूरस्थ मेथडने ‘झाले’ असे म्हणण्याऐवजी ‘मागणी मिळाली, हा तिचा क्रमांक’ एवढेच उत्तर द्यावे आणि स्थिती विचारण्यासाठी दुसरी मेथड द्यावी, ही रचना योग्य ठरते.

मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयके महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआयच्या तांत्रिक मांडणीत नेमकी हीच रीत आहे. मागणीला आधी केवळ पोच मिळते, खरे उत्तर स्वतंत्र संदेशाने मागाहून येते, प्रत्येक संदेशात व्यवहार-क्रमांक असतो, आणि उत्तर हरवल्यास व्यवहाराची स्थिती विचारण्याचा वेगळा कॉल उपलब्ध असतो. तरीही पैसे कापले गेले आणि पलीकडे पोहोचले नाहीत, किंवा मायक्रो एटीएमवर खात्यातून रक्कम वजा झाली आणि रोख मिळाली नाही, अशा घटना घडतातच, कारण आंशिक बिघाड कोणत्याही मांडणीने नाहीसा होत नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांतील रक्कम परत करण्याच्या मुदती ठरवून दिल्या: एटीएम आणि मायक्रो एटीएमसाठी व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस, यूपीआयवरील व्यक्ती-व्यक्तीतील हस्तांतरासाठी एक दिवस, आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ मध्ये जी अनिश्चितता मान्य केली होती, तिची किंमत कोणी सोसायची हे येथे नियामकाने ठरवले आहे. तांत्रिक करार आणि कायदेशीर करार एकाच प्रश्नाची उत्तरे देतात, हे या परिपत्रकाइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते, आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते वाचायला लावले पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत वेगळा मार्ग दिसतो. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र आणि ठिकाण नोंदवतो, आणि तिथे जाळे नसेल, तर माहिती मोबाइलवर साठून राहते व जाळ्याच्या टप्प्यात आल्यावर चढवली जाते. येथे दूरस्थ कॉल व्यवहाराच्या मध्यभागी न राहता शेवटी सरकला आहे, आणि कपाशी किंवा मक्याच्या शेतात काम पुरे करण्यासाठी सर्व्हर त्याच क्षणी जागा असण्याची गरज उरलेली नाही. दूरस्थ कॉलची संख्या कमी करणे आणि तो उशिरा झाला तरी चालेल अशी कामाची मांडणी करणे, हा उपाय ग्रंथांमध्ये दुय्यम ठरवला जातो. विरळ जाळ्याच्या प्रदेशात तो पहिला असायला हवा.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात पण ठामपणे मांडला पाहिजे. आरएमआयमध्ये वस्तू सीरियलायझेशनने, म्हणजे तिची अवस्था बाइटांच्या ओळीत उतरवून, पाठवल्या जातात आणि पलीकडे त्या ओळीतून पुन्हा उभ्या केल्या जातात. ही उभारणी होत असतानाच काही वर्गांचा कोड चालतो, आणि तिचा गैरवापर करून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते, हे गॅब्रिएल लॉरेन्स आणि ख्रिस फ्रोहॉफ यांनी २०१५ मध्ये अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संग्रहाच्या आधारे दाखवून दिले. २०१७ च्या जावा ९ पासून कोणते वर्ग उलगडू द्यायचे हे ठरवणारी गाळणी उपलब्ध झाली, परंतु ती नीट बसवल्याशिवाय आरएमआयचा पोर्ट उघड्या जाळ्यावर ठेवणे म्हणजे अनोळखी माणसाला सर्व्हरवर काम करण्याचा परवाना देणे होय. यानंतर जावाने या परिसरातील जुने भाग एकेक करून कमी केले: स्टब आगाऊ तयार करणारे ‘आरएमआयसी’ हे साधन जावा १५ मध्ये गेले, मागणी आल्यावर दूरस्थ वस्तू जागी करणारी सक्रियण-यंत्रणा जावा १७ मध्ये गेली. मूळ आरएमआय शिल्लक आहे, पण नव्या प्रणालीत सर्व्हलेटमधून तिच्याद्वारे निर्यात करण्याचे समर्थन आज करता येत नाही.

तिची जागा मुख्यतः दोघांनी घेतली आहे. जेसन या सुटसुटीत मजकूर-स्वरूपात बोलणाऱ्या, एचटीटीपीच्या क्रिया वापरणाऱ्या सेवा सर्वत्र पसरल्या आहेत. तर गूगलने २०१५ मध्ये खुली केलेली जीआरपीसी ही मूळ आरपीसीच्या कल्पनेची थेट वारसदार आहे. तिच्यात इंटरफेस स्वतंत्र करार-फाइलमध्ये लिहिला जातो, त्यावरून अनेक भाषांतील स्टब तयार होतात, वाहतूक एचटीटीपी/२ वरून होते, आणि प्रत्येक कॉलला अंतिम मुदत देण्याची सोय मुळातच आहे, जी पुढच्या सर्व्हरकडेही पोहोचवता येते. संस्थांतर्गत जलद जाळ्यावर जीआरपीसी आणि गावाकडे तोंड असलेल्या सीमेवर साधी एचटीटीपी-सेवा, ही विभागणी बहुतेक ठिकाणी समंजस ठरते, कारण सीमेवर करार डोळ्यांनी वाचता येणे आणि बिघाड कुठे झाला हे तालुक्याच्या तंत्रज्ञालाही पाहता येणे याचे मोल वेगापेक्षा अधिक आहे.

ज्या कार्यालयांत अजून आरएमआयद्वारे निर्यात करणारे सर्व्हलेट चालू आहेत, तिथे ते एका रात्रीत बदलण्याची घाई धोक्याची असते. दूरस्थ इंटरफेसमागचा मजकूर आधी सर्व्हलेटपासून वेगळा करावा, त्याच मजकुरावर एचटीटीपीची नवी वाट उभारावी, ग्राहक एकेक करून तिकडे न्यावेत, आणि शेवटचा ग्राहक गेल्यावरच जुना पोर्ट बंद करावा. या स्थलांतरात जुन्या मेथडींची यादी जशीच्या तशी नव्या सेवेत उतरवण्याचा मोह टाळणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक मेथड पुन्हा चालली तर काय होते, तिला व्यवहार-क्रमांक आहे का, तिची मुदत किती, आणि तिची स्थिती नंतर विचारता येते का, हे चार रकाने भरल्याशिवाय ती पुढे नेऊ नये. आणि उत्तर न आल्यास केदारखेड्यातील दुकानदाराच्या यंत्रावर ‘नोंद झाली’, ‘नोंद झाली नाही’ आणि ‘नोंदीची स्थिती तपासली जात आहे’ यांपैकी कोणता संदेश मराठीत दिसेल, याचा पाचवा रकाना त्या करारातच असावा, तो पडदा रंगवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.